शेजाऱ्याच्या चुलीपर्यंत: मंडळीच्या मदतपेटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारची उपासना संपली की पायरीवर चपला घालता घालता कुणीतरी हाताला धरून बाजूला घेतं. "एक विचारायचं होतं." उरलेले प्रश्न व्हॉट्सॲपवर येतात, बहुतेक रात्री दहानंतर. नगरच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची, मदतपेटी आम्ही सहा जण सांभाळतो, आणि सहाही जणांना तेच तेच विचारलं जातं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. प्रश्नांचे शब्द विचारणाऱ्यांचेच आहेत, फार साफसूफ केलेले नाहीत.

१. मदतपेटी म्हणजे दानपेटीच ना? मग दोन पेट्या कशाला?

नाही. रविवारी थैलीत जे अर्पण पडतं त्यातून पाळकसाहेबांचा पगार, वीजबिल, इमारतीची डागडुजी असं सगळं चालतं. मदतपेटीतला पैसा त्याला लागत नाही, आणि तिकडचा इकडे येत नाही. वही वेगळी, हिशेब वेगळा. यातून किराणा, औषधं, वह्या-पुस्तकं आणि क्वचित एखाद्या महिन्याचं खोलीभाडं एवढंच जातं. यापलीकडे आमची झेप नाही. घर बांधायला, लग्नाला, दुकान टाकायला मदत मागू नका. नाही म्हणताना आम्हालाच अवघडल्यासारखं होतं.

२. शेजारी म्हणजे कोण धरायचं? फक्त आपली ख्रिस्ती माणसं का?

हा प्रश्न जुना आहे. बायबलात लूकच्या दहाव्या अध्यायात एका शास्त्र्याने येशूला अगदी हाच विचारला होता. येशूने व्याख्या दिली नाही, लुटारूंनी वाटेत जखमी करून टाकलेल्या एका माणसाची गोष्ट सांगितली, आणि शेवटी प्रश्नच उलटा केला: त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? त्या गोष्टीत शोमरोनी माणूस, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका, नुसता हळहळत नाही. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, स्वतःच्या जनावरावर बसवतो, उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो आणि वर म्हणतो, जास्त लागले तर परत येताना देईन. म्हणजे परत येणार आहे हे ठरलेलंच आहे. आमची सगळी पद्धत त्या 'परत येताना'वर उभी आहे.

त्यामुळे आमचा हिशेब धर्माचा नाही, अंतराचा आहे. आपल्यापैकी कुणाला पायी जाऊन पुन्हा पुन्हा डोकावता येईल, ते घर शेजारचं. लाभार्थ्यांमध्ये मुसलमान आहेत, पद्मशाली विडी कामगार आहेत, मातंग आहेत, मराठे आहेत, आपलेही आहेत. यात आपण काही नवं करत नाही. इ. स. ३६२च्या सुमारास रोमन सम्राट ज्युलियन, जो ख्रिस्ती धर्माचा विरोधक होता, आपल्या एका पुरोहिताला चिडून लिहितो की हे गालीली लोक (म्हणजे ख्रिस्ती) त्यांच्या गरिबांनाच नाही तर आमच्याही गरिबांना पोसतात. विरोधकाने असं लिहावं, याहून चांगलं प्रमाणपत्र मला तरी माहीत नाही.

३. मदत घेणाऱ्याला चर्चला यावं लागतं का? खरं सांगा.

नाही. यायचं नाही, नाव नोंदवायचं नाही, काही ऐकून घ्यायचं नाही.

हा प्रश्न का येतो ते आम्हाला ठाऊक आहे, आणि त्याचं वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही. १८९९-१९००च्या दुष्काळात या भागात मिशनने दुष्काळग्रस्तांना मदत केली, अनाथ मुलं सांभाळली. त्यानंतर 'भाकरीसाठी बाटलेले' हा टोमणा आमच्या आज्या-पणज्यांनी जन्मभर ऐकला. पंडिता रमाबाईंचंच उदाहरण घ्या. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आई, वडील आणि बहीण गमावली होती. १८८९मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. १८९३मध्ये मुलींच्या धर्मांतरावरून वाद पेटला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्याच बाईने मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायका गोळा केल्या आणि केडगावला आणून सांभाळल्या. रमाबाईंच्या कामाबद्दल मला अपार आदर आहे. तरी सदनातल्या मुलींच्या पालकांना भीती का वाटली असेल, हेही मला समजतं. भुकेल्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला काय किंमत?

म्हणून आमचे नियम कोरडे आहेत. पिशवीत धर्मप्रचाराची पत्रिका टाकायची नाही, वचनाचं कार्डही नाही. पिशवी द्यायला गेल्यावर उपासनेचं आमंत्रण द्यायचं नाही. मदत चालू असलेल्या घरातलं लहान मूल संडे स्कूलला यायला लागलं, तर आधी आईवडिलांना भेटून विचारायचं, आणि त्यांनी नको म्हटलं तरी पिशवी चालूच ठेवायची. कुणी स्वतःहून विचारलं, "तुम्ही हे का करता?" तर खरं उत्तर द्यायचं, कारण तिथे गप्प बसणंही लपवाछपवीच होईल. त्या घरी प्रार्थना करायची का? त्यांनी म्हटलं तरच. एका आजींनी म्हटलं होतं, "तुमच्या देवाला सांगा, माझ्या देवाला मी सांगून झालंय." तिथे केली.

४. माझंच महिनाअखेर जुळत नाही. मी काय देणार?

मूठ द्या. मिझोराममध्ये १९१०पासून प्रेस्बिटेरियन घरांतल्या बायका रोज स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकतात आणि तो तांदूळ चर्चला देतात. त्याला तिथे 'बुहफाइ थाम' म्हणतात. त्या मुठीवर तिथलं किती मोठं काम उभं राहिलं हे आम्ही वाचलं आणि इथे ज्वारीवर सुरू केलं. महिन्याला एका घरातून दोन-अडीच किलो निघते, आणि घरात कुणाला कळतही नाही. सासूबाईंना मात्र कळतं.

मुठीएवढंही शक्य नसेल तर वेळ द्या. तहसील कचेरीत कुणाबरोबर तरी रांगेत उभं राहणं (प्रश्न ७) हे पाचशे रुपयांपेक्षा मोठं दान आहे.

५. किराण्याच्या पिशवीत काय काय घालायचं? आम्ही परस्पर बांधली तर चालेल का?

चालेल, पण आधी त्या घरी जाऊन या. याची अक्कल आम्हाला चूक करूनच आली. पहिल्याच वर्षी आम्ही एका घरी पाच किलो हरभरा, राजमा, डाळी असं भरभरून देऊन आलो. पंधरा दिवसांनी गेलो तर पिशवी तशीच. त्या घरचा सिलिंडर संपून तीन आठवडे झाले होते, आणि त्या माउली काटक्यांवर कसाबसा भात करत होत्या. राजमा शिजायला लागणारं सरपण कुठून आणणार? आम्ही दारातून पिशवी देऊन 'प्रभू तुमचं भलं करो' म्हणून परतलो होतो. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात उघड्या-उपाशी भावाला 'सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणून वाटेला लावणाऱ्यांना चपराक आहे. आम्ही तर पिशवी देऊनही तिच्यातच सापडलो.

चार माणसांच्या घरासाठी पंधरा दिवसांची आमची सध्याची पिशवी अशी: गहू ८ किलो, ज्वारी किंवा बाजरी ४ किलो, तांदूळ ५ किलो, तूरडाळ २ किलो, मटकी किंवा मूग १ किलो, शेंगदाणे १ किलो, तेल २ लिटर, साखर २ किलो, चहा पाव किलो, मीठ, हळद, तिखट, मोहरी, थोडा गूळ. अंगाचा साबण, कपड्याचा साबण, आणि घरात बायका-मुली असतील तर पॅडचं पाकीट. हे शेवटचं कुणी मागत नाही, पण दिल्यावर कधी परत आलेलं नाही.

धान्य दळून देऊ नका, बाजरीचं पीठ तर चार दिवसांत कडू होतं. पण गिरणीचे पैसे पाकिटात घाला. दळणाला पैसे नाहीत म्हणून गहू पडून राहिलेले आम्ही पाहिलेत. चुलीची चौकशी करा. घरात मधुमेहाचं माणूस असेल तर साखर कमी करून शेंगदाणे वाढवा. आणि मुलं असतील तर बिस्किटांचा एक पुडा. कुणी म्हणतं चैन आहे. असू दे.

६. जुने कपडे आणून देऊ का?

धुतलेले, बटणं शाबूत असलेले आणि आपल्या बहिणीला देताना लाज वाटणार नाही असे असतील तर. बाकीचे बोहारणीला द्या.

७. सरकार रेशन देतंच की. मग आपण का द्यायचं?

सरकार देतं, पण ते घरापर्यंत पोचलंय का, हे आधी बघा. आम्ही नव्या घरी गेलो की पिशवीच्या आधी रेशनकार्ड मागतो. अन्नसुरक्षा कायदा २०१३चा. त्यात अंत्योदयच्या पिवळ्या कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य आणि प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो, तेही जानेवारी २०२३पासून मोफत. हे मिळत असेल तर आमच्या पिशवीत गहू-तांदळाऐवजी डाळ-तेल वाढतं.

मिळत नसेल, तर का मिळत नाही ते शोधणं हीच खरी मदत. कारणं ठरलेली असतात. सुनेचं नाव कार्डात चढवलेलंच नाही. म्हाताऱ्याच्या बोटांचे ठसे झिजलेत, यंत्र घेत नाही. ई-केवायसी राहिली. विभक्त होऊन दहा वर्षं झाली, कार्ड अजून थोरल्या भावाकडे. गावचं कार्ड आहे आणि माणूस शहरात, तर 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे शहरातल्या दुकानातही धान्य उचलता येतं, पण हे दुकानदार आपण होऊन सांगेलच असं नाही. विधवा, निराधार, अपंग असतील तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला करता येतो. महिन्याला १,५०० रुपये (अपंगांना २०२५पासून २,५००) खात्यात येतात. आमची एक किराणा पिशवी साधारण दीड हजाराचीच, आणि ती कायम चालू ठेवणं आमच्याने होत नाही.

पण हक्क आहे म्हणून हात झटकायचे नाहीत. कागद व्हायला चार महिने लागतात, पोट चार महिने थांबत नाही. तेवढ्या काळाची पिशवी आपली.

मला कुणी विचारलं की हे कागदपत्रांचं काम भक्तीत कसं बसतं, तर मी सरवा सांगते. आपल्याकडे पीक काढल्यावर शेतात राहिलेली कणसं वेचतात त्याला सरवा म्हणतात, आणि मराठी बायबलातही हाच शब्द आहे. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात शेतमालकाला सांगितलंय की कडेचं पीक कापू नको, सरवा वेचू नको, ते गरिबाचं आणि परक्याचं. बायबलातली परदेशी विधवा रूथ बवाज नावाच्या शेतमालकाच्या शेतात गेली ती भीक मागायला नाही, नियमाने तिचं होतं ते वेचायला. आज शेताची कड तहसील कचेरीत गेलीय, एवढाच फरक.

८. शेजारच्यांचं दवाखान्याचं बिल लाखाच्या वर गेलंय. मंडळी भरेल का?

नाही भरू शकत, वर्षाची पेटी एका बिलात संपेल. पण पैसे गोळा करायला फिरण्याआधी दोन गोष्टी त्याच दिवशी करा.

एक, रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनिसाचा, टेबल शोधा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो आजार आणि ते रुग्णालय बसतं का ते विचारा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. टोल-फ्री क्रमांक १५५३८८. ऑपरेशन झाल्यावर विचारलं तर फार उशीर होतो, भरती होतानाच विचारायचं.

दोन, रुग्णालय धर्मादाय न्यासाचं आहे का ते बघा. महाराष्ट्रात अशा मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवून धरता येत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. खाटा शिल्लक नाहीत असं सांगितलं तर शांतपणे लेखी मागा. लेखी मागितलं की कधीकधी खाट सापडते.

मंडळी काय करते? नातेवाइकांचा डबा, येण्याजाण्याचं भाडं आणि योजनेत न बसणारी औषधं. ही यादी छोटी दिसते, पण पंधरा दिवस दवाखान्याच्या पायरीवर झोपलेल्या माणसाला विचारा.

९. नवरा दारू पितो. त्या घरी मदत द्यायची का? पैसे दिले तर तो उडवेल.

द्यायची. बाटलीची शिक्षा पोरांच्या ताटाला नको. अशा घरी रोख देत नाही. किराणा देतो, शाळेचे पैसे शाळेत भरतो, भाडं मालकाच्या हातात. पिशवीही एकदम पंधरा दिवसांची न देता आठवड्याची, कारण तेलाचा डबा विकला जातो. होय, जातो.

पण सरसकट सगळ्यांना रोख नाकारणंही मला पटत नाही. ज्या बाईने तीन हजारांत सहा माणसं सांभाळलीत, तिला पैसे कुठे घालायचे हे आम्ही काय शिकवणार? तिला डाळीपेक्षा रिक्षाभाडं जास्त लागत असेल. समितीत यावरून दर वेळी वाद होतो. सध्या पहिल्या दोन भेटी वस्तू, मग ओळख झाल्यावर रोख, असं चाललंय. त्या नवऱ्याच्या हाताबद्दल काही शंका असेल तर प्रश्न १५ आधी वाचा.

१०. उसने द्याल का? पुढच्या महिन्यात नक्की फेडतो.

मदतपेटी उसने देत नाही. एकदा दिले होते. पैसे गेले त्याचं फार वाटलं नाही, पण ते कुटुंब आम्हाला चुकवायला लागलं, उपासनेला यायचंही बंद झालं. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात गरिबाकडून व्याज घेऊ नको असं आहे. आम्ही एक पाऊल पुढे जाऊन मुद्दलही मागत नाही. जे देतो ते दिलं. थोडं देतो, पण दिलेलं.

मायक्रोफायनान्सच्या चार-चार हप्त्यांत अडकलेल्या बायका हा वेगळा विषय आहे. तिथे आम्ही बँकेत काम केलेल्या एका सभासद काकांना बरोबर नेऊन सगळी कर्जं कागदावर मांडतो. एका कर्जाचा हप्ता फेडायला दुसरं काढलंय हे तिथे पहिल्यांदा दिसतं, कधीकधी त्या बाईलाही.

११. पौलच म्हणतो की काम करत नाही त्याने खाऊही नये. मग फुकट का पोसायचं?

प्रेषित पौलाचं थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र, तिसरा अध्याय, दहावं वचन. पूर्ण वाचा. तिथे 'काम करत नाही' नसून 'काम करण्याची इच्छा नाही' असं आहे. काम न मिळणं, कंबर मोडणं, तान्हं मूल असणं हे त्यात येत नाही. आणि तोच पौल करिंथकरांना जेरुसलेमच्या गरिबांसाठी वर्गणी बाजूला काढायला सांगतो, तीही आठवड्याच्या पहिल्या दिवशी, नियमाने. त्याची वर्गणीची दोन-दोन प्रकरणं सोडून हे एकच वचन सगळ्यांना पाठ कसं, याचं मला नवल वाटतं.

खरोखर आळशी माणूस भेटतो का? इतक्या वर्षांत दोन. तिसऱ्याबद्दल समितीत मतभेद आहेत.

१२. लोक फसवतात. खरा गरजू कसा ओळखायचा?

घरी जाऊन, आणि दोघांनी जाऊन. एकट्याने कधी नाही, निदान एक बाई हवीच. चुलीपाशी बसून चहा घेतला की अर्ध्या गोष्टी न विचारता कळतात. चहा नाकारू नका. त्यांच्याकडचं तेवढंच द्यायला शिल्लक असतं.

दोन मंडळ्यांतून एकाच घरी पिशव्या जातात अशी तक्रार येते. जाऊ द्या, महिना तीस दिवसांचा असतो. खोटं कागदपत्र किंवा दुसऱ्याच्या नावावर उचल असेल तर मात्र थांबवतो, आणि का थांबवतो ते तोंडावर सांगतो.

याहून मोठी भीती उलटी आहे: ज्याला गरज आहे तो आमच्या यादीतच नाही. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. पहिल्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी सात जण नेमले, आणि त्या सातांची नावं वाचा, स्तेफन, फिलिप्प, प्रखर वगैरे, सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती, वाटप त्यांच्याच माणसांच्या हाती दिलं. म्हणून आमच्या सहांत दोन जणी अशा आहेत ज्यांच्या घरी कधीकाळी पिशवी गेली होती. कोण त्या, ते सांगणार नाही.

१३. ऊसतोडीला गेलेल्यांची म्हातारी माणसं मागे राहतात. त्यांना यादीत घेता येईल का? मुलं तर कमावती आहेत.

घ्या. दिवाळीच्या आगेमागे पाथर्डी-शेवगावकडचे कोयते, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडपी, निघाली की घरात म्हातारा, म्हातारी आणि शाळेतली नातवंडं उरतात. मुलगा कमावतो हे खरं, पण त्याने मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली असते आणि ती बऱ्याचदा मागच्याच कर्जात गेलेली असते. हातात रोकड येते ती पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी. तोवर म्हातारीच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोण आणणार?

इथे आमचा पायी अंतराचा नियम (प्रश्न २) मोडतो, हे कबूल. तिकडच्या गावांत ज्यांचं माहेर आहे अशा आमच्या चार जणी महिन्यातून एकदा जातात, गोळ्या देतात आणि मुलाला फोन लावून देतात. पंधरा मिनिटांचा तो फोन, मागे गाडीवानाचा आवाज. म्हातारी गोळ्यांपेक्षा त्याची वाट बघते.

१४. मदत मलाच हवी आहे. पण मी मंडळीतलाच. सगळ्यांना कळेल का?

सहांपैकी कुणाही एकाला सांगा, पाळकसाहेबांना नाही सांगितलं तरी चालेल. वहीत नाव येत नाही, आकडा येतो. पिशवी अंधार पडल्यावर येते, आणि आणणारी व्यक्ती तुम्ही निवडायची.

तुम्ही गेल्या वर्षी याच पेटीत पैसे टाकलेत म्हणून आता घ्यायला अवघड वाटत असेल, तर पेटीचं तोंड एकच आहे. फोटोची काळजी नको. आम्ही कुणाचेच काढत नाही. डाव्या हाताला कळू नये असं मत्तयच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि व्हॉट्सॲप स्टेटस हा डावा हातच. देणगीदार 'निदान एक तरी फोटो' मागतात तेव्हा आम्ही भरलेल्या पिशव्यांचा पाठवतो, माणसांशिवाय.

१५. शेजारीण मार खाते. किराणा देऊन काय होणार?

काही नाही. इथे पेटी दुय्यम. आता मारहाण चालू असेल तर ११२, सल्ला आणि निवाऱ्यासाठी महिला हेल्पलाइन १८१. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिला त्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो, आणि जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात.

आम्ही काय करत नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समेट करत नाही. 'प्रार्थना कर, सहन कर, पती मस्तक आहे' हे बोलत नाही. कधीकाळी आपल्याच मंडळ्यांतून हे बोललं गेलंय, आणि त्याची किंमत बायकांनी मोजलीय. तिने सांगितलेलं तिला विचारल्याशिवाय कुणापुढे बोलत नाही. ती परत त्याच घरी गेली तरी तिच्यावर रागावत नाही. दार उघडं ठेवतो. पिशवीत कधीकधी बसच्या भाड्याचे पैसे वेगळ्या पुडीत असतात.

१६. माझा दशमांश चर्चमध्ये न देता थेट शेजाऱ्याला दिला तर चालेल का?

दशमांश म्हणजे देवासाठी काढलेला उत्पन्नाचा दहावा भाग. पाळकसाहेबांना विचारा. माझं वैयक्तिक मत विचाराल तर, चालावं. पण ते माझं मत आहे, मंडळीचं नाही, आणि हे वाचून अर्पण कमी झालं तर माझी खैर नाही.

१७. भाऊ परदेशात आहे, नाताळला मदतपेटीसाठी पैसे पाठवतो म्हणतो. खात्यात घेऊ ना?

थांबा. आधी त्याचा पासपोर्ट कोणता ते विचारा. तो अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरीही, ती विदेशी देणगी ठरते, आणि एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय संस्थेला ती घेता येत नाही. नोंदणीकृत संस्थांनाही ती स्टेट बँकेच्या दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. आमची नोंदणी नाही. 'माझ्या खात्यात घेते आणि तुम्हाला रोख देते' हा मार्ग दर नाताळला कुणीतरी सुचवतं. नको. त्याला म्हणावं, सुट्टीला ये आणि एक पिशवी स्वतः उचलून नेऊन दे.

१८. पावती मिळेल का? करात सूट?

पावती मिळेल. ८०जीची सूट नाही, कारण आमच्या न्यासाला ती मान्यता नाही. ज्या संस्थांना आहे त्यांच्याकडेसुद्धा धान्य-कपडे अशा वस्तूंवर सूट मिळत नाही, आणि २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीवरही नाही. नव्या करप्रणालीत असाल तर हा प्रश्नच उरत नाही.

१९. एका घराला किती दिवस देता? सवय लागणार नाही का?

तीन महिने, मग बसून बोलतो. बहुतेक घरं त्याआधीच आपण होऊन नको म्हणतात. निराधारचे पैसे सुरू झाले, पोरगा एमआयडीसीत लागला, असं काहीतरी होतं. काही घरांना थांबवता येत नाही: एकटी म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेलं मूल. तिथे मुदत नाही. सवयीबद्दल म्हणाल तर जेवायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे.

बंद करताना मात्र अचानक बंद करू नका. शेवटची पिशवी आहे हे एक पिशवी आधी सांगा.

२०. आमचे दिवस आता बरे आहेत. घेतलेलं परत करायचं आहे, कसं करू?

परत घ्यायची सोय वहीत नाही (प्रश्न १०). तरी लोक करतातच. कुणी पेटीत टाकतं, कुणी दुसऱ्या घराचा पत्ता सांगतं, "त्यांना द्या, ते मागणार नाहीत." मागच्या थंडीत आमच्यातल्या एकीच्या दाराला सकाळी स्टीलचा डबा लटकवलेला होता. दोन वर्षांपूर्वी शेंगदाणे भरून तो एका घरी दिला होता, आणि तो परत येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. घासून लख्ख केलेला, आत तिळाच्या वड्या. डबा सध्या वेस्ट्रीच्या (चर्चला लागून असलेल्या खोलीच्या) कपाटात आहे. मूठभर ज्वारी आणायला डबा नसेल तर तो घेऊन जा.